१८७९ च्या पानात अडकलेली अळी

(आपल्या ताज्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी, आणि ऐकून झाल्यावर नावं नि सालं पुन्हा बघायची असतील त्यांच्यासाठी. बोलण्यातली भाषा मुद्दाम फारशी बदललेली नाही.)

 

आज राजे नाहीत, लढाया नाहीत, तहाची कलमंही नाहीत. आज एका पतंगाचा इतिहास सांगणार आहे. दिव्याभोवती घिरट्या घालतो तो पतंग, संक्रांतीचा नाही. याची लांबी जेमतेम पाच मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही कमी. १९८४ पर्यंत जगातल्या एकाही शास्त्रज्ञाच्या वहीत याची नोंद नव्हती. आणि त्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांत याने जवळजवळ अख्खा युरोप व्यापला. ऐन उन्हाळ्यात शहरंच्या शहरं तपकिरी दिसायला लागली.

मग सगळ्यांना प्रश्न पडला की हा आला कुठून? अमेरिकेतून? आशियातून? वीस-पंचवीस वर्षं लोक भांडत होते. उत्तर सापडलं ते एका कपाटात, वाळवून कागदावर चिकटवलेल्या पानात. ते पान तोडलं होतं १८७९ साली. ते तोडणाऱ्या माणसाला पतंगाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला झाडाचा पुरावा हवा होता.

आजची गोष्ट तीच आहे. चला, सुरुवात करूया.

आधी नागअळी समजून घेऊ

घरी कुंडीत लिंबाचं रोप असेल तर त्याची कोवळी पानं नीट बघा. बऱ्याचदा पानावर चंदेरी, वेडीवाकडी रेघ दिसते, गोगलगाय चालून गेल्यासारखी. नागासारखी वळणं घेत जाते म्हणून आपले शेतकरी त्या किडीला नागअळी म्हणतात. संत्रा-मोसंबीवालेही तिला चांगलेच ओळखतात.

ही रेघ पानावर नसते, पानाच्या आत असते. पान आपल्याला कागदासारखं एकसंध वाटतं, पण ते सँडविचसारखं आहे. वर एक पापुद्रा, खाली एक पापुद्रा आणि मध्ये हिरवा गर. नागअळी या दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि आतला गर खात पुढे सरकते. मागे उरतो तो पोकळ बोगदा.

विचार केला तर जागा एकदम भारी आहे. खाणं आणि राहणं एकाच ठिकाणी. वर छप्पर, खाली जमीन. पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही, आणि वरून मारलेलं औषधसुद्धा सहज पोचत नाही. पण किंमतही आहे. पानाची जाडी तुमच्या नखापेक्षा कमी, त्यामुळे तिथे राहायचं तर शरीर चपटं हवं आणि लहान हवं. म्हणून पान पोखरणारे पतंग बहुतेक सगळे इवलेसेच असतात.

आपल्या आजच्या पतंगाचं शास्त्रीय नाव आहे कॅमेरारिया ओहरिडेला. त्याचं घर म्हणजे हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाचं पान. तर आधी झाडाकडे जाऊ, कारण झाडाच्या इतिहासातही असाच एक पत्त्याचा घोळ आहे.

झाडाचा पत्ता चुकला

युरोपातल्या जुन्या शहरांचे फोटो आठवा. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घनदाट झाडं, हाताच्या पंज्यासारखी पाच-सात बोटांची मोठी पानं, वसंतात मेणबत्त्यांसारखे उभे पांढरे तुरे. ते बहुतेक वेळा हॉर्स चेस्टनट असतं. म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये याच झाडांची सावली असते. पूर्वी बिअर जमिनीखालच्या तळघरात थंड ठेवायचे, तळघर तापू नये म्हणून वर ही झाडं लावली. इंग्लंडमधली मुलं याच्या चकचकीत तपकिरी बिया दोरीत ओवतात आणि एकमेकांच्या बीवर आपटून फोडतात. त्या खेळाचं नाव कॉन्कर्स. आपल्याकडे गोट्या, तसं तिकडे हे.

एवढं घरचं वाटणारं हे झाड युरोपच्या मोठ्या भागाला मात्र पाहुणं आहे. १५५७ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, सुलतान सुलेमानच्या दरबारी ऑस्ट्रियाचा राजदूत होता बुसबेक. त्याच्या डॉक्टरचं नाव विलेम क्वाकलबीन. या डॉक्टरने माट्टिओली या त्या काळच्या नामवंत वनस्पतितज्ज्ञाला पत्रातून या बियांबद्दल कळवलं. तुर्क लोक या बिया खोकला झालेल्या घोड्यांना देतात, असंही सांगितलं. नावातला 'हॉर्स' तिथून आला. पुढे १५७६ च्या सुमारास क्लुसियसने हे झाड व्हिएन्नात वाढवलं, आणि तिथून ते राजवाड्यांच्या बागांत, मग शहरांच्या रस्त्यांवर पसरलं.

आता गंमत बघा. झाड तुर्कस्तानातून आलं, म्हणजे ते मूळचं पूर्वेचं असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. फ्रेंच लोक तर त्याला आजही 'मारोनिए द आंद' म्हणतात. आंद म्हणजे इंडिया. भारताचं चेस्टनट! खुद्द लिनिअसने १७५३ साली याचं मूळ घर उत्तर आशिया असं नोंदवून ठेवलं.

भारतात या झाडाचा एक चुलतभाऊ आहे खरा. हिमालयात, गढवाल-कुमाऊं भागात त्याला पांगर म्हणतात. (आपला पांगारा वेगळा, गल्लत करू नका.) पण युरोपच्या रस्त्यांवरचं झाड ते नाही. ते मूळचं आहे बाल्कन प्रदेशातलं, म्हणजे ग्रीस, अल्बेनिया, मॅसिडोनिया या पट्ट्यातल्या डोंगरदऱ्यांमधलं. तिथे आजही त्याचे थोडेसे नैसर्गिक गट आहेत, अडचणीच्या, ओलसर घळींमध्ये.

हे पक्कं करण्यात मोठा वाटा होता थिओडोर फॉन हेल्ड्राइश या जर्मन वनस्पतितज्ज्ञाचा. तो अथेन्समध्ये स्थायिक झाला होता आणि ग्रीसचे डोंगर पालथे घालायचा. १८७९ साली त्याने मध्य ग्रीसच्या डोंगरात रानटी हॉर्स चेस्टनट गाठलं, फांद्या तोडल्या, पानं दाबून वाळवली, खाली ठिकाण आणि तारीख लिहिली. झाडाच्या पत्त्याचा वाद त्याने मिटवला.

हेल्ड्राइशचं नाव आणि ते साल लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

१९८४: ओहरिड तलाव

आता एकदम शंभर वर्षं पुढे. मॅसिडोनिया, तेव्हाच्या युगोस्लाव्हियाचा भाग. तिथे ओहरिड नावाचा खूप जुना, खोल तलाव आहे. १९८४ च्या सुमारास त्या परिसरातल्या हॉर्स चेस्टनटच्या पानांवर तपकिरी चट्टे दिसायला लागले. चट्ट्यांच्या आत अळ्या होत्या. १९८६ मध्ये डेश्का आणि डिमिच या दोन कीटकतज्ज्ञांनी हा पतंग विज्ञानाला नवीन असल्याचं जाहीर केलं आणि तलावावरून त्याचं नाव ठेवलं, ओहरिडेला.

१९८९ मध्ये तोच पतंग ऑस्ट्रियातल्या लिंझ शहराजवळ सापडला. नकाशा उघडून बघा, ओहरिड ते लिंझ अंतर किती आहे ते. मध्ये अख्खा युगोस्लाव्हिया. पाच मिलिमीटरचा जीव तेवढं अंतर स्वतःच्या पंखांवर पार करणं कठीण. बहुतेक तो गाडीत बसून गेला असावा, म्हणजे एखाद्या कारच्या किंवा ट्रकच्या कानाकोपऱ्यात अडकलेल्या पानातून.

पुढे हाच पॅटर्न दिसला. नव्वदच्या दशकात मध्य युरोप, मग पश्चिम युरोप. वर्षाला सरासरी साठेक किलोमीटर हा वेग. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. जवळच्या जवळ तो वाऱ्याने आणि पंखांनी सरकत होता, आणि मधूनच माणसांच्या वाहतुकीबरोबर लांब उडी मारत होता. म्हणून तो आधी शहरांत उगवायचा आणि मग आजूबाजूच्या गावांत पसरायचा. २००२ साली तो लंडनच्या विम्बल्डन भागात पोचला. हो, टेनिसवालं विम्बल्डन.

एका वर्षात तीन पिढ्या

हा एवढा यशस्वी का झाला, हे कळायला त्याचं आयुष्य बघावं लागेल.

साधारण एप्रिल-मेमध्ये झाडाला नवी पानं येतात, त्याच सुमारास प्रौढ पतंग बाहेर पडतात आणि खोडावर गर्दी करून बसतात. दिसायला सुंदर आहेत. तांब्यासारखे चमकदार तपकिरी पंख, त्यावर पांढरे पट्टे, आणि पट्ट्यांना काळी किनार. मीलनानंतर मादी पानाच्या वरच्या बाजूला, शिरांच्या जवळ अंडी घालते. एक अंडं अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान.

अंडं फुटलं की अळी बाहेर येतच नाही. ती अंड्याच्या तळातून थेट पानात घुसते. सुरुवातीला ती फक्त रस पिते, तेव्हा पानावर एक छोटा फिकट ठिपका किंवा स्वल्पविरामासारखी खूण दिसते. मग ती कात टाकत मोठी होते आणि गर कुरतडायला लागते. ठिपका गोल होतो, मग लांबट चट्टा. शिरा जाड असल्यामुळे चट्टा बहुधा दोन शिरांच्या मधल्या पट्टीत राहतो. खूप अळ्या असल्या की चट्टे एकमेकांना मिळतात आणि अख्खं पान तपकिरी होतं.

पोट भरलं की शेवटच्या अवस्थेतली अळी खाणं बंद करते, रेशीम कातते आणि त्याच बोगद्यात कोषात जाते. उन्हाळ्यात दोनेक आठवड्यांत कोष पानाचा पापुद्रा फोडून अर्धा बाहेर येतो आणि त्यातून नवा पतंग निघतो. रिकामं टरफल पानाला तसंच टोचलेलं राहतं. अशा साधारण तीन पिढ्या एका हंगामात होतात, हवामान उबदार असेल तर जास्तही. दरवेळी संख्या वाढत जाते, म्हणून मे महिन्यात जे झाड ठीकठाक दिसतं, ते ऑगस्टमध्ये करपल्यासारखं होतं.

हिवाळ्यात पानं गळतात. पण शेवटच्या पिढीचे कोष त्या पाचोळ्यातच असतात, रेशमाच्या जाड आवरणात. उणे वीसच्या आसपासची थंडीही ते सोसतात. वसंत आला की बाहेर.

म्हणजे बघा, या पतंगाचा अख्खा साठा हिवाळाभर जमिनीवर पडलेला असतो. म्हणूनच सगळ्यात स्वस्त उपाय तोच, पाचोळा गोळा करायचा आणि जाळायचा किंवा नीट तापणाऱ्या खतखड्ड्यात कुजवायचा. युरोपातल्या अनेक शहरांनी हे केलं. फरक पडतो, पण शेजारच्या बागेने केलं नाही तर पतंग तिथून परत येतात. सोसायटीतल्या डासांसारखंच आहे हे.

ओळखायचं कसं?

तपकिरी चट्टा दिसला म्हणजे हाच पतंग, असं नाही. याच झाडाला एक बुरशीही लागते, आणि तिचे चट्टेही तपकिरीच असतात. लांबून दोन्ही सारखेच दिसतात.

फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. पान उजेडासमोर धरायचं. पतंगाचा चट्टा आतून पोकळ असल्यामुळे त्यातून उजेड आरपार येतो, आणि आत काळ्या ठिपक्यांसारखी विष्ठा किंवा खुद्द अळीची सावली दिसते. बुरशीच्या चट्ट्यात उजेड असा येत नाही, आणि त्याच्या कडेला बहुधा पिवळी झालर असते.

पान उजेडासमोर धरायचं हे तंत्र विसरू नका, कारण पुढच्या शोधाची गंमत त्यातच आहे.

तीन संशयित

नव्वदच्या दशकात शास्त्रज्ञांसमोर कोडं होतं. एवढा अभ्यास झालेल्या युरोपात अचानक नवा पतंग कसा उगवला? शिवाय कॅमेरारिया या कुळातल्या बहुतेक जाती उत्तर अमेरिकेत आहेत. युरोपात या कुळातला दुसरा कुणीच माहीत नव्हता.

मग तीन मतं तयार झाली. पहिलं, हा अमेरिकेतून आला. दुसरं, हा आशियातून आला. तिसरं, हा बाल्कनमध्येच होता, कुणाच्या नजरेत आला नव्हता. तिसऱ्या मतावर मोठा आक्षेप असा की मग १९८४ पर्यंत लपून कसा राहिला?

हा वाद नुसता अभ्यासकांचा नव्हता, याला व्यवहार जोडलेला होता. आलेल्या किडीला आवरायचं तर तिच्या मूळ घरी जाऊन तिचा नैसर्गिक शत्रू शोधतात, बहुतेक वेळा एखादी परजीवी गांधीलमाशी, जी अळीच्या अंगात अंडी घालते. युरोपातल्या स्थानिक परजीवी माश्या या पतंगावर हल्ला करत होत्या, पण फार कमी. त्या वसंतात लवकर बाहेर येतात, तेव्हा त्यांना हव्या त्या अवस्थेतल्या अळ्याच पानात नसतात. वेळच जुळत नाही. मग खरा शत्रू शोधायला शास्त्रज्ञांना पाठवायचं कुठे, अमेरिकेत की आशियात की ग्रीसमध्ये? पत्ता चुकला तर पैसा आणि वर्षं दोन्ही वाया.

२००९ साली डीएनएचा एक मोठा अभ्यास आला. पतंगांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचे एकूण २५ प्रकार मिळाले. बाल्कनमधल्या रानटी झाडांवरच्या पतंगांमध्ये विविधता जास्त होती. शहरांत, रस्त्यांवर लावलेल्या झाडांवर मात्र प्रामुख्याने एकच प्रकार होता, ज्याला त्यांनी 'ए' म्हटलं. आपल्या भाषेत सांगायचं तर मूळ रेपॉझिटरीत भरपूर ब्रँचेस आहेत, पण बाहेर सगळीकडे एकाच ब्रँचच्या कॉप्या फिरताहेत. जिथे विविधता जास्त, तिथे तो जास्त काळ राहतोय, असा अंदाज बांधता येतो. बोट बाल्कनकडे वळलं.

पण हा झाला अंदाज. १९८४ च्या आधीचा प्रत्यक्ष पुरावा कुठे होता?

कपाटातला साक्षीदार

इथे येतं हर्बेरियम. वनस्पतींची लायब्ररी म्हणा. जाड कागदावर वाळवलेली फांदी, खाली चिठ्ठी, त्यावर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. असे लाखो कागद कपाटांमध्ये थप्पी लावून ठेवलेले असतात. बाहेरून बघितलं तर रद्दीच वाटेल.

डेव्हिड लीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा विचार केला. पतंग खरंच आधीपासून बाल्कनमध्ये असेल, तर जुन्या लोकांनी तोडलेल्या हॉर्स चेस्टनटच्या पानांत तो अडकलेला असायला हवा. मग त्यांनी युरोपातल्या हर्बेरियममधले बाल्कनमधून आलेले जुने नमुने तपासायला घेतले. एकेका पानावर चट्टे शोधायचे, आत काही आहे का बघायचं.

आणि सापडलं. हेल्ड्राइशने १८७९ साली ग्रीसच्या डोंगरात तोडलेल्या पानांत चट्टे होते, आणि चट्ट्यांच्या आत दाबून वाळलेल्या अळ्या.

जरा थांबून विचार करा. हेल्ड्राइश झाडाचा खरा पत्ता शोधायला गेला होता. त्याने पान तोडलं तेव्हा अळी आत जेवत बसली होती. त्याने दोघांनाही एकत्र दाबलं, वाळवलं आणि कागदावर चिकटवलं. पुढची शंभरहून अधिक वर्षं तो नमुना लोकांनी पाहिला असेल, पण झाड म्हणून पाहिला. चट्टे म्हणजे खराब झालेलं पान, एवढंच.

आता अळी दिसली म्हणून ती हीच जात आहे, हे कसं सिद्ध करणार? पतंगाच्या पंखांवरची नक्षी अळीला नसते. म्हणून डीएनए. किड्यांची जात ओळखायला एका ठरावीक जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात, त्याला डीएनए बारकोड म्हणतात. दुकानातल्या बारकोडसारखंच. पण सव्वाशे वर्षं जुन्या, वाळलेल्या अळीत डीएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात, पूर्ण बारकोड मिळत नाही. म्हणून त्यांनी छोटे छोटे तुकडे वाचले, मिनी-बारकोड. फाटक्या पानावरच्या दोन-चार ओळी वाचून पुस्तक ओळखावं, तसं. ओळी जुळल्या. कॅमेरारिया ओहरिडेलाच होता तो.

२०११ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. युरोपातली या पतंगाची नोंद एका झटक्यात शंभरहून अधिक वर्षं मागे गेली. जुन्या नमुन्यांत आज न दिसणारे डीएनएचे प्रकारही मिळाले. १९६१ पर्यंत मागे जाणारे स्थानिक उद्रेकही दिसले. म्हणजे १९८४ ला पतंग 'आला' नव्हता. १९८४ ला आपण त्याला पाहिलं.

मग तो बाहेर का पडला?

शतकानुशतकं हा पतंग दुर्गम घळींमधल्या मोजक्या झाडांवर जगत होता. चारी बाजूंना डोंगर, पुढचं झाड लांब. पण विसाव्या शतकात त्या भागात रस्ते गेले, आणि रस्त्यांच्या कडेला, गावांत, हॉटेलांसमोर तेच झाड हौसेने लावलं गेलं. घळीतला पतंग पहिल्यांदा रस्त्यावरच्या झाडापर्यंत पोचला, आणि त्यापुढे अख्ख्या युरोपात त्याच एका झाडाच्या रांगा लागलेल्या होत्या. सोळाव्या शतकापासून माणसांनी आपल्या हातांनी लावलेल्या. एका अर्थाने आपणच चारशे वर्षं त्याच्यासाठी पंगत मांडत होतो, त्याला फक्त वाट सापडायची होती.

आता नुकसान किती? खरं सांगायचं तर यामुळे झाड सहसा मरत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पालवी फुटते. म्हणून बरेच लोक म्हणतात, दिसायला वाईट, एवढंच. पण पानं लवकर करपली की झाडाला बियांसाठी पुरेसं अन्न साठवता येत नाही, बिया लहान राहतात. शहरातल्या झाडाचं त्यावाचून अडत नाही, त्याला माळी आहे. बाल्कनच्या घळीतल्या झाडाला मात्र बीच लागते. त्याची पुढची पिढी त्या बीवर आहे. २०१९ मध्ये युरोपातल्या झाडांची जी लाल यादी आली, तिच्यात हॉर्स चेस्टनट 'असुरक्षित' गटात गेलं, आणि त्यामागच्या कारणांत हा पतंग आहे. रस्त्यांवर लाखो झाडं, आणि तरी जात म्हणून धोक्यात. विचित्र वाटतं, पण आहे तसं.

आणि शत्रूचं काय झालं? पत्ता पक्का झाला, पण बाल्कनमध्येही या पतंगाला आवरणारा जबरदस्त परजीवी हाती लागलेला नाही, तिथेही त्यांचं प्रमाण कमीच आढळलं. म्हणजे योग्य पत्त्यावर पोचूनही सगळी उत्तरं मिळतात असं नाही. पण निदान अमेरिकेत शोधत बसण्याचा खर्च तरी वाचला. दरम्यान, आपल्या हिमालयातल्या पांगरावर या पतंगाचा फारसा प्रभाव पडत नाही असं दिसलंय. म्हणून युरोपातल्या बागांमध्ये आता त्याच्याकडे पर्याय म्हणून बघतात. ज्या झाडाला चुकून 'भारताचं' म्हटलं, त्याच्या जागी खरंच भारताचं झाड!

तुमच्या खिशातलं हर्बेरियम

२०१० च्या सुमारास ब्रिटनमध्ये मायकेल पोकॉक आणि डॅरन एव्हन्स या दोन शास्त्रज्ञांनी सामान्य लोकांना कामाला लावलं. शाळेतली मुलं, पालक, फिरायला जाणारे. पान बघा, नुकसान किती ते नोंदवा. काहींनी पान पिशवीत बंद करून ठेवलं आणि त्यातून पतंग किती निघाले, परजीवी माश्या किती निघाल्या, तेही मोजलं. पुढे त्यासाठी स्मार्टफोन ॲपही आलं. साडेतीन हजारांहून जास्त लोकांनी भाग घेतला. त्यांच्या नोंदींतून दिसलं की एखाद्या ठिकाणी पतंग आल्यावर पहिली तीन वर्षं पानांचं नुकसान वाढत जातं. हे दोन माणसांना देशभर फिरून कधीच मोजता आलं नसतं.

आपल्यासाठी यात काय आहे? पान पोखरणाऱ्या पतंगांचा हा खेळ आपल्या अंगणातही चालू आहे. लिंबावरच्या नागअळीचं शास्त्रीय वर्णन १८५६ साली झालं, कोलकात्याहून इंग्लंडला गेलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ती आपल्या बाजूची. १९९३ मध्ये ती अमेरिकेत, फ्लोरिडाच्या बागांत पोचली. उलट दिशेने, दक्षिण अमेरिकेतली टोमॅटोची पाने पोखरणारी अळी, टुटा अब्सोल्युटा, आधी स्पेनला आली आणि २०१४ मध्ये थेट महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर सापडली. तिथे प्रश्न सावलीचा नाही, शेतकऱ्याच्या हंगामाचा आहे.

आणि कपाटं आपल्याकडेही आहेत. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आणि आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम आहे. आपल्या मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिणारा थिओडोर कूक हा तर पेशाने इंजिनिअर, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रिन्सिपल. माझ्यासारख्या बीटेकवाल्यांना 'तुझा काय संबंध?' असं कुणी विचारलं, तर हे नाव सांगायचं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट रोज अनुभवतो. लॉग साठवताना कुणालाच माहीत नसतं की पुढे त्यातली कुठली ओळ लागणार आहे. कुणीतरी म्हणतं, जागा जातेय, डिलीट करा. आणि मग एक दिवस नेमकी तीच ओळ हवी असते. हर्बेरियमही तसंच. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४३ मध्ये बर्लिनचं हर्बेरियम बॉम्बहल्ल्यात जळालं, लाखो नमुने गेले. तरी जुन्या वनस्पतितज्ज्ञांची एक चांगली सवय होती. ते एकाच झाडाच्या जादा फांद्या वेगवेगळ्या शहरांना पाठवायचे. बॅकअपच म्हणा ना.

म्हणून पुढच्या वेळी 'या जुन्या वाळक्या पानांचा काय उपयोग? जागा रिकामी करा' असं कुणी म्हणालं, तर त्याला ही १८७९ ची गोष्ट सांगा. हेल्ड्राइशच्या कागदावर झाडाचं नाव होतं, गावाचं नाव होतं, तारीख होती. अळीचा उल्लेखही नव्हता. तरी उत्तर त्याच कागदावर होतं, कारण त्याने तारीख लिहिली होती आणि त्याच्यानंतरच्यांनी कागद फेकला नव्हता.

आता तुमच्यासाठी एक छोटं काम. या आठवड्यात लिंबाचं, टोमॅटोचं, कुठलंही चट्टा पडलेलं पान घ्या. उजेडासमोर धरा. आत कुणी दिसलं तर फोटो काढा, आणि फोटोबरोबर झाडाचं नाव, गाव आणि तारीख नक्की लिहा. नुसता फोटो पुरेसा नाही, तारीख महत्त्वाची! फोटो आम्हाला पाठवा, त्यातले निवडक आपण पुढच्या भागात बघू.

एपिसोड आवडला असेल तर एखाद्या झाडवेड्या मित्राला किंवा मैत्रिणीला नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि ऐकत राहा.